बेचिराग गावातला नैवेद्य

देवावर माझा राग होता, हे आधी कबूल करते. धुळ्याच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. खानदेशातल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या एका दुष्काळावर काम करत होते. कारणं कागदांतून उलगडत गेली. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, त्यात फौजांचे तळ पडले, उरलंसुरलं धान्य तिकडे ओढलं गेलं, आणि शेतसारा मात्र सुटला नाही. लोकांनी बियाणं खाल्लं, बैल चाऱ्यावाचून मेले. तिसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण पेरायला बी नव्हतं, नांगराला जनावर नव्हतं. भर पावसात गावं ओस पडली. हे वाचल्यापासून देवापुढे हात जोडणं मला जमेना. त्या लोकांनीही जोडलेच असतील ना?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुट्टीत अशाच एका गावाची जागा बघायला मी सोनगीरच्या पुढे एकटीच गेले. सरकारी दप्तरात ते अजून 'बेचिराग' आहे, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. रिक्षावाल्या भाऊंना बाराला परत यायला सांगितलं. मला मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं. डब्याची पिशवी रिक्षातच राहिली, हे रिक्षा दिसेनाशी झाल्यावर कळलं.

दहा वाजायच्या आतच हात थरथरू लागले. गार घाम फुटला. फोनला रेंज नव्हती. साखर उतरतेय हे कळत होतं, आणि पुढे काय होतं तेही. उठायला गेले तर गुडघे दुमडले. ढासळलेल्या भिंतीशी, बाभळीच्या विरळ सावलीत बसून मी वेड्यासारखी घड्याळ बघत होते. काटे दिसेनासे झाले तेव्हा देवाशी भांडण संपलं. मी एवढंच म्हटलं, "आता तूच बघ."

"काय व्हयनं वं माय?" डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई समोर उभी होती. "भूक," एवढंच मला बोलता आलं. तिने आमरसाची वाटी ओठांना लावली, मग पुरणपोळीचे तुकडे भरवले. डोळ्यांपुढचं निवळल्यावर टोपलीतलं हळदकुंकू दिसलं आणि मी शरमले. "हा नैवेद्य होता ना?"

"हा. दुकायमा आठे मरनात त्यास्ना. आमना घरनी येकच बाई वाचनी, वाटमा कोनी तरी तिले भाकर दिन्ही म्हनीसन. तवयपासून दर आखाजीले आम्ही आठे घास ठेवतस."

"दुष्काळात इथे मेलेल्यांचा घास, आणि तो मी खाल्ला."

ती हसली. "जित्तं मानूस भुक्या ऱ्हायनं, ते मरेलस्ना गयाखाल कसं उतरी?"

दरवर्षी ती दुपारी, घरच्यांची पंगत उठल्यावर यायची. आज सासूने सकाळीच घाई करून पाठवलं होतं. का, ते तिलाही माहीत नव्हतं. मीही खोदून विचारलं नाही. रिक्षा येईपर्यंत ती माझ्याजवळ बसून राहिली.

इतकी माणसं का गेली, याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि मिळालं असं मी म्हणणारही नाही. पण मी चाळलेल्या एकाही कागदात ती वाटेवरची भाकर नव्हती. कोणीतरी स्वतःच्या उपासातून ती मोडून दिली, म्हणून या बाईचं घर उरलं, आणि म्हणून मी आहे. सगळं आपल्याला कळलंच पाहिजे हा हट्ट त्या दिवशी सुटला. संध्याकाळी घरी आल्यावर हात आपोआप जुळले, आणि कितीतरी वेळ मला काहीच मागावंसं वाटलं नाही.