चिंचोक्याएवढा उजेड

"मास्तर गेले," कचेरीच्या दारात उभं राहून त्यांचा मेहुणा म्हणाला. माझं डोकं कुठं होतं देव जाणे, मी विचारलं, "मुंबईले का?" बिचाऱ्यानं अंत्ययात्रेची वेळ सांगितली. महिना होत आला, तरी ती लाज जात नाही. पण दिग्रसच्या शाळेतले ड्रॉइंगचे राठोड मास्तर 'एक डाव समुद्र पाहून येतो' असं इतकी वर्षं म्हणत होते, की मला दुसरं काही सुचलंच नाही...

तांड्यात वाढलेल्या या माणसानं समुद्र कधी पाहिला नव्हता. रद्दीत त्यांना विलायती मासिकाचं एक पान सापडलं. फ्रान्समधल्या कोणा चित्रकाराचा, उन्हातला समुद्र. त्यावरून त्यांनी तैलरंगात मोठं चित्र केलं. जवळून पाहावं तर नुसते पांढरे-पिवळे फटकारे. मी पहिल्यांदा म्हणालो, "वा मास्तर, कापूस मस्त फुटला!" ते खो खो हसले. "सारं दिग्रस याले कापूसच म्हणते. सात पावलं मांगं सरका, अण्णा." खोली एवढीशी, सातवं पाऊल थेट अंगणात पडायचं. आणि तिथून, खरं सांगतो, पाणी हलायचं.

मागल्या वर्षी मी कामासाठी मुंबईला जाऊन आलो. मास्तरांनी मला चपलाही काढू दिल्या नाहीत. "उजेड असाच तुटते का हो पाण्यावर?" मी ऐटीत म्हणालो, "छे हो! मातकट पाणी हाये नुसतं. उजेड-बिजेड काही नाई." पुढच्या रविवारी पाहतो तर साऱ्या पाण्यावर मातीचा रंग फिरवलेला. माझ्या शब्दावर! तरी खरं काय ते मी बोललो नाही. का, ते मला आजही कळत नाही. खरी गोष्ट अशी, की मुंबईत त्या दिवशी पाण्यावरचं ऊन डोळ्यांत इतकं घुसलं, की मी समुद्राकडे पाठ करून चणे खात बसलो होतो. काठाचं गढूळ पाणी पाहिलं, तेवढंच.

तेरवीनंतर वहिनींनी ते चित्र माझ्या हाती ठेवलं. कोपऱ्यात चिंचोक्याएवढा पांढरा-पिवळा ठिपका तसाच होता. "हा रंगवायचा राह्यला वाटते," मी म्हणालो.

"राह्यला नाई, ठेवला," वहिनी म्हणाल्या. "म्हणत, अण्णाले आणखी एक डाव इचारतो, मंग पुसतो."

त्यांनी विचारलंच नाही. की विचारलं, आणि मीच ऐकलं नाही?... चित्र आता माझ्या बैठकीत आहे. रोज सात पावलं मागे सरकतो. खोली मोठी आहे, सातव्या पावलाला पाठ भिंतीला लागते. तिथूनच मोठ्यानं सांगतो, "असाच तुटते, मास्तर. असाच."