खाटेपाशी सावधान

"शाळेत जातेस ना? मग राष्ट्रगीत म्हणून दाखव. पाहू दे, कोणत्या देशाची आहेस ते."

नाक्यावरचा माणूस मला असं म्हणाला. माझी आई तेव्हा खाटेवर होती. खाट चिखलात होती.

मी आठवीत होते. भामरागडच्या अलीकडे नदी, नदीच्या अलीकडे जंगल, जंगलात आमचं गाव. पावसाळ्यात रस्ता बुडतो. आईचा ताप डोक्यात गेला होता, ती ओळख विसरत चालली होती. बाबांनी आणि काकांनी खाटेला बांबू बांधले, शेजारच्या दोघांनी खांदा दिला. बाबा मला म्हणाले, "तूही चल. तिथं तुझ्याशिवाय कोण बोलणार?" आमच्या घरात माडिया बोलतात. मराठी फक्त मला येत होती, आश्रमशाळेतली. मी चालले. आईची जीभ म्हणून चालले, बाबांची जीभ म्हणून चालले.

डोंग्यातून नदी पार केली. खाट कलली तेव्हा काका पाण्यात उतरून छातीभर पुरातून तिला धरून आले. पलीकडे गेलो आणि वाटलं, आता झालं. दवाखाना दिसतच होता म्हणा ना.

मध्ये पोलिसांचा नाका होता. आडवा बांबू.

"खाट नीचे रखो. कहाँ से आये? जंगल में किसको खाना खिलाते हो?"

बाबांना कळलं नाही. ते गप्प राहिले. गप्प राहणारा माणूस नाक्यावर गुन्हेगार असतो. ओळखपत्र घरी राहिलं होतं. मरणाऱ्या माणसाला उचलताना कोण कागद शोधतं? मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, माझी आई आहे. लई ताप आहे. मी आश्रमशाळेत शिकते."

तेव्हा त्यांच्यातला मराठी येणारा एक पुढे आला आणि ते राष्ट्रगीताचं बोलला. दुसरा एक हसला. त्यानं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला.

मी हात मांडीला चिकटवले. टाचा जुळवल्या. त्यांनी बाबा आणि काकांनाही ताठ उभं केलं. मी सुरू केलं. माझा आवाज चांगला होता, शाळेत मीच सुरुवात करायची.

मध्येच आई बोलली. "एर," ती म्हणाली. आमच्यात पाण्याला एर म्हणतात.

मला ऐकू आलं. पाण्याची बाटली माझ्या खांद्याला होती. पण गुरुजींनी शिकवलं होतं, राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही. आणि समोरचा माणूस माझ्या पायांकडे बघत होता. मी हलले असते तर आम्ही कोणत्या देशाचे ठरलो असतो? आई पुन्हा म्हणाली, एर. मी गात राहिले.

संपलं. तो म्हणाला, "मधात अटकली. फिरून म्हण."

मी परत म्हटलं.

मग बांबू वर झाला. मी धावत बाटली आईच्या ओठांना लावली. पाणी तोंडातून बाहेर आलं. गळ्यातून खाली गेलंच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे डोळे उघडून पाहिले, मनगट धरलं, सोडलं. म्हणाले, "थोडं आधी आणायचं ना."

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणतो तो?"

ते मला बाबांना माडियात सांगावं लागलं. थोडं आधी आणायला हवं होतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. जणू मीच म्हटलं होतं.

परतताना नाक्यावर कुणी काही विचारलं नाही. बांबू आधीच वर होता. मेलेला माणूस कुठून आला हे कुणालाच जाणून घ्यायचं नसतं.

मी शाळेत परत गेले. आमचे गुरुजी चिमूरकडचे. मनाने फार चांगले. त्यांच्या आजोबांनी बेचाळीसच्या उठावात मार खाल्ला होता. ते सांगताना गुरुजींचा आवाज भरून यायचा. "इंग्रज आपल्याच गावात आपल्याले अडवे, पोरींनो. आपल्याच रस्त्यावर विचारे, तू कोन? तो गेला. आता कोनी विचारनार नाई." मला हा धडा फार आवडायचा. आईला घरी जाऊन सांगितला होता. ती मोहाची फुलं वाळवत होती. तिनं विचारलं होतं, "गेला म्हणजे कुठं गेला?" मी हसले होते.

पंधरा ऑगस्टला जिल्ह्याहून पाहुणे आले. झेंडा वर गेला. सगळ्या शाळेनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही.

ठरवलं नव्हतं. आणि मग, त्या शांततेत उभी असताना, मी ठरवलं. नाही म्हणणार. कुणी 'म्हणून दाखव' म्हटलं, तर नाही.

मागून गुरुजी हळूच म्हणाले, "कर ना सुरू, बाई!" शेवटी एका दुसऱ्या मुलीनं सुरू केलं. पाहुणे निघताना मुख्याध्यापकांना म्हणाले, "सरकार यांना खाऊपिऊ घालतं, आणि यांना राष्ट्रगीत येत नाही."

मुख्याध्यापक माझ्यावर ओरडले, "माफी माग."

मी म्हटलं, "मले येते. नाक्यावर जाऊन विचारा. दोनदा म्हटलं मी तिथं."

दुपारी गुरुजींनी मला भोजनगृहामागे बोलावलं. म्हणाले, "माह्या आजानं या झेंड्यापायी काठ्या खाल्ल्या, पोरी. तू असं काऊन केलं?"

मी सगळं सांगितलं. खाट, चिखल, एर. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगून झाल्यावर मी विचारलं, "गुरुजी, इंग्रज गेला ना? मंग तो बांबू कोनाचा होय?"

गुरुजी खाली बसले. पायरीवर, धुळीत. म्हणाले, "तुह्यं खरं आहे." मग उठले, पायजमा झटकला. "पन मले नोकरी आहे, बाई. माफी मागून टाक."

मला त्यांचा राग आला नाही. रागानं बरं वाटलं असतं. त्या दिवशी आईनंतर दुसऱ्यांदा माझं कुणीतरी गेलं.

बाबांना बोलावलं. मुख्याध्यापक बोलले, आणि माझ्याविरुद्धचं ते बोलणं मीच बाबांना समजावलं. बाबांनी एकच विचारलं, "तुला म्हणायचं होतं?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग घरी चल." मी माफी मागितली नाही. माझं वर्ष गेलं.

पुढं ब्रह्मपुरीला मावशीकडे राहून शिकले. तिथं वर्गातल्या मुली विचारायच्या, तुम्ही अजून झाडावर राहता का गं. नर्स झाले. नोकरी मागून घेतली ती नदीच्या आमच्या बाजूला. बाबा अजून आहेत. भामरागडच्या बाजाराला ते आजही जात नाहीत. मोह विकायला उलट्या दिशेनं, लांब जातात. पाय दुखतात तरी. मी काही म्हणत नाही.

या पावसाळ्यात एक साहेब गावात आले. स्वातंत्र्याचा उत्सव आहे म्हणाले. मुलांना लहान झेंडे वाटले. मग एका मुलीला पुढे ओढून म्हणाले, "चल, राष्ट्रगीत म्हणून दाखव. येतं का बघू." मुलगी घाबरून आईच्या लुगड्यात शिरली.

मी मध्ये उभी राहिले. "ती म्हणेल साहेब, तिला वाटेल तेव्हा. परीक्षा नाही. तुम्ही आधी मला सांगा. आजारी माणसाची खाट कुणाच्या हुकमानं थांबते?"

"तो आजचा विषय नाही, सिस्टर."

"मग कोणत्या दिवसाचा आहे?"

सगळं गाव ऐकत होतं. मी माझा प्रश्न माडियात सांगितला. त्यांचं उत्तरही माडियात सांगितलं, शब्दाला शब्द. एक म्हातारी म्हणाली, "त्याला पुन्हा विचार." मी पुन्हा विचारलं. साहेब गाडीत बसले. दोन दिवसांनी निरोप आला, जास्त बोलाल तर बदली करू.

करा.

माझी आई तुमच्या देशात मेली नाही. माझ्या देशात मेली. म्हणूनच मला जाब हवा आहे. आजवर तुम्ही विचारलं आणि आम्ही उत्तरं दिली, ताठ उभं राहून, श्वास रोखून. ते संपलं. आता विचारणारी मी आहे. जिथं पाठवाल तिथं विचारीन, तुमच्या भाषेत विचारीन, आणि माझ्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगेन की तुम्ही काय उत्तर दिलं.