वास येत नाही

आमच्या कारखान्यात इंजिनाची माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. किती लिटर, किती अश्वशक्ती, किती किलोमीटरनंतर तेल बदला, हे सगळं मी लिहितो आणि त्यातलं काहीही स्वतः मोजत नाही. मोजायचे मामा. ते सख्खे मामा कुणाचेच नव्हते, पण मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

मामा एकतीस वर्षं चाचणीघरात होते. जाड काचेची एक खिडकी, लोखंडी चौथऱ्यावर बोल्टने आवळलेलं इंजिन, धूर बाहेर नेणारा नळ, एक स्टूल आणि चिंध्यांचा डबा, एवढीच ती खोली. इंजिन बंद केलं की दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे तेल खाली उतरतं. मग तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, डिपस्टिक, काढायची, पुसायची, परत घालून काढायची आणि खूण बघायची. इतकं कुणीही करतं. मामा त्यानंतर टोकाचा थेंब दोन बोटांत चोळून नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, तेल जळलंय, पाणी शिरलंय किंवा डिझेल मिसळलंय. एकदा प्रयोगशाळेने त्यांना खोटं ठरवलं. आठवड्याने प्रयोगशाळेनेच कबूल केलं की नमुन्यांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून चाचणीच्या तक्त्यात 'वास' असा वेगळा रकाना आला, आणि त्यात मामांनी शंका लिहिली तरच तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जायचा. एवढा मान साहेबांच्या नाकालाही नव्हता. मामांना त्याची घमेंड होती आणि ती त्यांना शोभायची.

मग मामांना तो ताप आला. पंधरा दिवस अंथरुणाला खिळले, उठले, कामावर आले, सगळं पूर्वीसारखं. पण वास गेला होता. पहिल्यांदा ओळखलं मामींनी. शेगडीवर दूध करपून घर धुराने भरलं, आणि मामा तिथून दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसले होते. "अहो, नाक आहे की नुसतं चष्मा ठेवायला आहे?" मामी ओरडल्या. मामांनी वर पाहिलं आणि मामींना काय ते कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. दोन वर्षं झाली तरी आला नाही. मामांनी ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. मुलीलासुद्धा सांगितली नाही.

नवं टर्बो-डिझेल इंजिन चाचणीला आलं ते त्यानंतर. तीन लिटर, चार सिलिंडर, दीडशे अश्वशक्ती. छोटे ट्रक आणि मिनीबससाठी. पाच लाख किलोमीटर उघडावं लागू नये, असा साहेबांचा हट्ट. हजार तास चालवायचं आणि दर पन्नास तासांनी तेल बघायचं, म्हणजे वीस नोंदी. टर्बोचं इंजिन म्हटलं की थोडं तेल खातंच. हे मात्र खाईना. वीसही वेळा डिपस्टिकवरची खूण जिथल्या तिथे. आम्ही खूश झालो. मी पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं, 'तेल खात नाही. चाळीस हजार किलोमीटरपर्यंत तेलाकडे बघू नका.'

खरं म्हणजे इंजिन तेल खात होतं. तेवढंच डिझेल इंधनपंपाच्या एका रबरी सीलमधून गळून तेलात उतरत होतं, म्हणून पातळी भरलेली दिसत होती. सगळ्या कारखान्याच्या मामाला इंजिनाने मामा बनवलं. एरवी मामांनी हे पहिल्या पन्नास तासांतच पकडलं असतं. या वेळी त्यांनी वासाच्या रकान्यात वीस वेळा एकच वाक्य लिहिलं, 'वास येत नाही.' आम्ही वाचलं, तेलाला डिझेलचा वास नाही. मामांनी लिहिलं होतं ते स्वतःविषयी. खोटं लिहायचं नाही हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी पाळला. असलं पाळणं मला आजही पटत नाही, आणि तरी त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

पहिल्या दहा गाड्या ठरावीक गिऱ्हाइकांना वापरून बघायला दिल्या. त्यातली एक मिनीबस मामांच्या मुलीकडे गेली. ती डोंगरातल्या वस्त्यांवरून माणसं शहरात आणायची. गाडी घेताना तिने फक्त एवढंच विचारलं होतं, "बाबा, चाचणीच्या तक्त्यावर सही तुमचीच आहे ना?"

दोन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी साडेसहाला तिचा फोन आला.

"बाबा, तुमच्या इंजिनाची कमाल आहे. तेल खात नाही ते नाहीच, वर घालतंय! आज सहज बघितलं, तर खुणेच्या दोन बोटं वर."

मामा ताडकन उठून उभे राहिले, असं मामी सांगतात. "वास घे. डिपस्टिकचा वास घे."

"डिझेलसारखा येतोय."

"गाडी सुरू करू नकोस."

"अहो, चौदा माणसं बसलीयेत आत!"

"उतरव त्यांना. डिझेल उतरतंय तेलात, पंपाचं सील गळत असणार, आणि आता जास्तच. अजून वर चढलं तर इंजिन स्वतःचंच तेल ओढून जाळत सुटेल. मग किल्ली काढलीस तरी बंद होणार नाही, आणि तुझ्यापुढे सगळा उतार आहे. ऐक माझं."

तिने ऐकलं. माणसं उतरवली, शिव्या खाल्ल्या. फोन ठेवण्यापूर्वी म्हणाली, "पण मग चाचणीत तुमच्या नाकाला कसं कळलं नाही?"

"नाही कळलं," मामा म्हणाले.

आता बाकीच्या नऊ गाड्यांचं सांगायला त्यांनी तडक कारखान्यात यायला हवं होतं. आले नाहीत. पोट बिघडलंय असं कळवून घरी बसले. सील बिघडलंय एवढंच सांगून भागलं नसतं. वीस वेळा तुम्ही काय हुंगलंत, असं कुणीतरी विचारलंच असतं. दिवसभर त्यांनी वाक्यं जुळवली आणि मोडली. संध्याकाळी मामींनी ताट वाढून समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "नाक गेलंच आहे. निदान तोंड तरी उघडा."

बुधवारी सकाळी दहाला मामा साहेबांच्या खोलीत गेले. मीही होतो तिथे, पुस्तिकेचे नवे नमुने घेऊन. मामांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तापापासून. साहेबांनी तक्ता मागवला, वीसही नोंदी वाचल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मामा, तुम्ही 'वास येत नाही' लिहिलंय. यात तुमची चूक कुठे दिसते? सील पुरवणाऱ्यावर टाकू. तुम्ही गप्प राहा."

मामांनी माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. टेबलावर वाकून प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला त्यांनी एकच शब्द लिहिला, 'मला'. वीस वेळा. शेवटी तारीख घालून सही केली. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला, आणि पुस्तिकेतल्या माझ्या ठळक अक्षरांची लाज वाटली.

अकरा वाजेपर्यंत नऊही मालकांना फोन गेले. आठ जणांनी गाड्या जागच्या जागी उभ्या केल्या. नववा मालवाहू ट्रक आधीच उभा होता. मंगळवारी संध्याकाळी पाचला उतारावर त्याचं इंजिन एकदम भडकलं, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि किल्ली काढूनही बंद होईना. चालकाने सगळ्यात वरचा गिअर टाकून, ब्रेकवर उभं राहून ते कोंडून मारलं. गाडी कठड्याला घासत थांबली. कुणाला खरचटलंही नाही. क्लच जळला, टर्बो निकामी झाला.

आठवड्याने दुरुस्त ट्रक न्यायला तो चालक आला. चाळिशीचा, अबोल माणूस. मी त्याच्याकडून कागदांवर सह्या घेत होतो. मामा चाचणीघरातून हात पुसत आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"ते इंजिन मी तपासलं होतं," ते म्हणाले. "दोष मला मंगळवारी सकाळी साडेसहाला कळला. माझ्या मुलीकडे तसलीच गाडी आहे. तिला मी त्याच मिनिटाला थांबवलं. तुम्हाला बुधवारी कळवलं."

चालकाने सही पुरी केली आणि पेन मला परत दिलं.

"किती मुली तुम्हाला?"

"एकच."

"मला दोन," तो म्हणाला. "दोघी माझ्या शेजारी बसल्या होत्या."