शंभरकर सरांनी सरळ केलेल्या ओळी

बाबाराव शंभरकर हे मुळात सुतारकामाचे मास्तर. महाल भागातल्या त्या शाळेत ते लागले तेव्हा मागच्या अंगाला एक लांबट खोली होती, तिच्यात सात बाकडी, भिंतीवर करवती आणि कोपऱ्यात भुशाचा ढीग. आठवी-नववीची मुलं तिथे पाट, चौरंग, फोटोची चौकट असं काहीबाही करायची. मग एका वर्षी बाकडी उचलली गेली, भिंतींना पांढरा रंग लागला आणि खोक्यांतून अठरा संगणक आले. खोली सरांचीच होती, किल्ली सरांकडेच होती, म्हणून संगणकही सरांच्याच गळ्यात पडले. पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यातले दोन दिवस उद्घाटन आणि समारोपात गेले.

तेव्हापासून चौदा वर्षं सर एकाच गोष्टीला भीत आले. एक दिवस कोणीतरी उभं राहील आणि सगळ्यांसमोर असं काही विचारेल की आपल्याला येत नाही हे उघडं पडेल. ही भीती ते घरी अंजनाबाईंनाही बोलले नव्हते. वर्गात एखाद्या पोरानं अवघड विचारलं की सर डोळे बारीक करत, खिडकीबाहेर पाहत आणि म्हणत, "चांगला प्रश्न आहे. उद्या सांगतो." घरी जाऊन भाच्याला फोन करत, वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी सांगत. पोरांनी त्यांचं नाव 'उद्यासर' पाडलं होतं. सरांना ते माहीत होतं. रागावण्याइतकी हिंमत त्यांच्यात नव्हती.

पण एक गोष्ट त्यांना मनापासून येत होती. मोजणं. लाकूड कापायच्या आधी तीनदा मोजायचं, हे त्यांच्या हाडात होतं. म्हणून त्यांचे प्रकल्प सगळे मोजण्याचेच असत. गल्लीतून दहा मिनिटांत किती गाड्या जातात ते मोजा आणि तक्ता करा. घरातल्या बल्बांचे वॅट लिहा आणि महिन्याचे युनिट काढा. दप्तरांची वजनं घ्या, आलेख काढा. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी आठवीच्या मुलांना सांगितलं होतं, "सुटीत घरची एक गोष्ट रोज मोजा. तीस दिवस. कोणतीही."

दीक्षा रामटेके नावाच्या मुलीनं घरचा कूलर मोजला. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि ही पोरगी रोज बादलीनं मापून कूलरमध्ये पाणी टाकते आणि वहीत लिहिते. दुपारी तासाला किती जातं, रात्री किती जातं, जाळीतलं खसगवत नवं असलं तर किती. नववीत आल्यावर तिनं त्यावर पायथनमध्ये एक प्रोग्राम करून आणला. कूलरमध्ये किती लिटर पाणी आहे आणि किती वाजता सुरू केला एवढं सांगितलं की किती तासांनी टाकी रिकामी होईल ते तो दाखवायचा. तेवीस ओळींचा. डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी शाळेनं तोच निवडला.

बुधवारी मुख्याध्यापिका देशकर मॅडमनी सरांना बोलावलं. समोर परिपत्रक होतं.

"शंभरकर सर, शनिवारी सदर भागातल्या शाळेत प्रदर्शन आहे. यंदा एक नवीन केलंय त्यांनी. मुलांबरोबर मार्गदर्शक शिक्षकांनाही परीक्षक प्रश्न विचारणार. तुम्हाला काय, पाठच असेल सगळं."

"हो मॅडम," सर म्हणाले.

त्यांनी सही केली होती त्या प्रोग्रामवर. 'तपासले' असा शिक्काही मारला होता. पण तो कसा चालतो हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं. ते शिकवत ते तक्ते, आलेख, फार तर एखादं वेबपान. पायथनचा धडा पुस्तकात शेवटी होता आणि दरवर्षी परीक्षा आधी येत असे.

गुरुवारी शाळा सुटल्यावर सरांनी दाराबाहेर चपला काढल्या, दीक्षाच्या संगणकावरचं कापडी झाकण काढलं आणि प्रोग्राम उघडून बसले. म्हटलं, एकेक ओळ वाचू, पाठ करू. वाचता वाचता त्यांच्या नजरेला भलतंच काही खुपलं. ओळी डावीकडून एका रेषेत नव्हत्या. काही कडेला, काही चार बोटं आत, काही आणखी आत. सरांच्या वर्गात समास सोडून इकडेतिकडे लिहिलं की अर्धा गुण जायचा. एवढी हुशार पोरगी आणि हे असं वाकडंतिकडं? परीक्षक काय म्हणतील? रंधा मारावा तसा त्यांनी एकेका ओळीपुढचा मोकळा भाग पुसत नेला. तेवीस ओळी सुताराचा गुण्या लावून पाहाव्यात इतक्या सरळ झाल्या. सरांना दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग त्यांनी तो चालवला. आधी साठवू का, असं मशीननं विचारलं. त्यांनी हो केलं. आणि चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. सरांनी पुन्हा चालवला. पुन्हा लाल. घाबरून त्यांनी सगळं बंद केलं, वायर उपटली, झाकण टाकलं आणि कुलूप लावून बाहेर आले. चपला दारातच राहिल्या. त्या घ्यायला परत यावं लागलं.

कुठे दुसरी प्रत असेल तर? नव्हती. पेनड्राइव्हनं रोग येतो म्हणून पेनड्राइव्ह आणायचा नाही, हा नियम सरांनीच फळ्यावर लिहून ठेवला होता.

शुक्रवारी सकाळी अंजनाबाईंनी ताट पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "काहून जी, काही खाऊन नाही राहिले? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," सर म्हणाले आणि तसेच उठले.

वाटेत त्यांनी बरंच काही ठरवलं. वीज गेली म्हणून सांगावं. व्हायरस आला म्हणावं, ते कोणीही मानेल. आजारी पडावं. पण शाळेच्या फाटकात दीक्षा भेटली. वेण्यांना नव्या रिबिनी, हातात कूलरचं पुठ्ठ्याचं चित्र.

"सर, हे मंग टेबलाच्या पुढे लावू की मागे?"

सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मधल्या सुटीत खोलीत ये वं."

मधल्या सुटीत ती आली. सरांनी दार लोटून घेतलं, मग पोरगी घाबरेल म्हणून पुन्हा उघडलं. बसले नाहीत.

"दीक्षा, तुझा प्रोग्राम माझ्या हातून मोडला. ओळी वाकड्या दिसल्या म्हणून सरळ केल्या मी. आता चालत नाही." "चूक माझी आहे. तू पुन्हा लिहून काढ, मी मॅडमना सांगून तुले दिवसभराची सुटी देतो."

दीक्षाचा चेहरा पांढरा पडला. डोळे डबडबले.

"रडू नको," सर म्हणाले.

"सर, मले तो नाही लिहिता येत."

"काहून? तूच लिहिला ना?"

तिनं पुठ्ठ्याचा कूलर छातीशी धरला. "शेजारच्या विक्कीदादाच्या मोबाईलवरच्या एआयले विचारलं होतं. मी म्हटलं, माझे आकडे असे असे आहेत, प्रोग्राम करून दे. त्यानं देला. मी कागदावर उतरवला, इथं येऊन टाईप केला. कोणी पाहील म्हणून कागद फाडून टाकला." मग एका दमात, "मोजलं ते खरं आहे सर. बुद्धाची शपथ. तीस दिवस मोजलं. फक्त लिहिलं नाही."

बाहेर पोरं लंगडी खेळत होती. सरांना रागवायचं होतं, शिक्षकानं रागवायला हवं होतं. पण तिच्या तोंडावर दिसत होती ती भीती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती.

"तुमच्या मोबाईलवर विचारू का सर?" दीक्षा हळूच म्हणाली. "दोन मिनिटांत सुधरवून देते तो."

सरांचा हात खिशाकडे गेला. तिथेच थांबला.

"देईल. अन् उद्या परीक्षकानं तुले विचारलं, ही ओळ आत काहून आहे, तर? मले विचारलं तर?"

"मंग?"

"मंग मरण आहे आपलं," सर म्हणाले. दीक्षाला हसू फुटलं आणि लगेच विझलं.

त्यांनी तेवीसच्या तेवीस ओळी फळ्यावर उतरवल्या, सगळ्या डावीकडे चिकटून. पुस्तकातला तो शेवटचा धडा उघडला. त्यात लिहिलं होतं की पायथनमध्ये ओळ जितकी आत, तितकी ती वरच्या ओळीच्या ताब्यात. सरांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे पेटी," ते म्हणाले. "पेटीत खण, खणात डबी. कोणतं सामान कशात जाते ते ठरवायचं. हे बघ, 'टाकीत पाणी आहे तोपर्यंत', ही पेटी. आता सांग, तास एकानं वाढवायचा, हे एकदा की दर तासाले?"

"दर तासाले."

"मंग पेटीच्या आत. दुपार असली तर पाच लिटर कमी करायचं?"

"तेही दर तासाले. पण दुपार असली तरच."

"म्हणजे खणाच्या आत."

असं फळ्यावर ठरवत, संगणकात लावून पाहत दोन तास गेले. देशकर मॅडम एकदा दारातून डोकावल्या, फळा पाहून "वा, जोरात तयारी!" म्हणून गेल्या, आणि त्या वळेपर्यंत दोघंही फळ्याकडेच बघत राहिले. 'पाणी भरा' ही सूचना कुठे ठेवायची यावर अडलं. आत ठेवली तर ती पुन्हा पुन्हा येत होती, बाहेर ठेवली तर पाणी संपल्यावर एकदाच.

"आतच ठेवा सर," दीक्षा म्हणाली. "आमची माय बी चार-चारदा ओरडते, पाणी टाक वं, पाणी टाक वं. एकदा सांगून कोण उठते?"

बावीस ओळी जागेवर बसल्या. राहिली शेवटून दुसरी. शब्दाच्या अलीकडे-पलीकडे खालच्या दोन-दोन रेघा असलेली, विचित्र. पुस्तकात तिचा पत्ता नव्हता. ती खोडली तरी प्रोग्राम चालत होता, ठेवली तरी चालत होता.

"काढून टाकू सर. नसली तर विचारणारच नाहीत."

सर त्या ओळीकडे पाहत राहिले. "नको. न समजता एकदा हात लावला, त्यानं काय झालं ते पाहून राहिली ना? राहू दे."

शनिवारी सदरच्या त्या शाळेत मांडवभर टेबलं होती. दुसऱ्यांचे दिवे लागत होते, गाड्या फिरत होत्या, कुठे पंखा बोलत होता. यांचा एक संगणक आणि पुठ्ठ्याचा कूलर. सरांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. परीक्षक बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या, हसल्या नाहीत. त्यांनी आकडे टाकून पाहिले. चाललं.

"कोणी लिहिलं हे?"

सरांना वाटलं, पोरगी आता 'मी' म्हणेल. म्हणावं असंही वाटलं. दीक्षानं सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मोबाईलनं लिहिलं मॅडम. मंग सरांनी मोडलं. मंग आम्ही दोघांनी लावलं. मोजलं मात्र मी."

शेजारच्या टेबलावरचे एक शिक्षक वळून बघायला लागले. सरांना जमीन फाटावी असं वाटलं. बाईंनी एकेक ओळीवर बोट ठेवायला सुरुवात केली. ही आत का? ही बाहेर का? दीक्षा सांगत गेली, आवाज चिरका, पण बरोबर. मग बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर आलं आणि चष्मा सरांकडे वळला.

"आणि ही, सर? ही कशासाठी?"

सरांचे डोळे बारीक झाले. नजर खिडकी शोधायला गेली. मांडवाला खिडकी नव्हती. 'चांगला प्रश्न आहे' हे शब्द जिभेवर आले, पण उद्या या बाई कुठे भेटणार होत्या?

"ते मले नाही येत मॅडम," सर म्हणाले.

"मग ठेवली कशाला?"

"काढायची भीती वाटली."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. मग त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. सरांनी टेबलाची कड धरली.

"सर, पाणी प्या," दीक्षा म्हणाली.

नंबर आला नाही. पहिला बोलणाऱ्या पंख्याला गेला. परतताना ऑटोत दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचा कूलर होता. दीक्षानं एकदा विचारलं, "देशकर मॅडम रागावतील का सर?" सर म्हणाले, "रागावल्या तर मले रागावतील." आणि सोमवारी त्या रागावल्याही, थोड्या.

सोमवारी तिसरा तास नववीचा होता. सरांनी फळ्यावर तेवीस ओळी लिहिल्या, सगळ्या डावीकडे, एका रेषेत. म्हणाले, यातली कोणती ओळ कुठे आत जाईल ते जोडीनं ठरवा, काहून ते लिहा. एक्केचाळीस डोकी खाली वाकली. सर फळ्याजवळ उभे राहिले. खडू ओला झाला होता घामानं.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. आवाज इतका लहान आला की पुढच्या बाकावरच्या मुलांनीच मान वर केली. त्यांनी घसा खाकरला. "यातल्या बावीस ओळी मला येतात. एक येत नाही."

हळूहळू सगळीच डोकी वर झाली.

"कोणती सर?" मागून रोशननं विचारलं. त्याच्या आवाजात टिंगल आहे की नाही, ते सरांना कळेना.

सरांनी शेवटून दुसऱ्या ओळीखाली खडू टेकवला आणि भीतभीतच वर्गाकडे तोंड केलं.