यादीबाहेरचा शर्ट

हफिजाला माणसं तोंडावरून कमी आणि खांद्यांवरून जास्त ओळखू यायची. महाडच्या बाजारात कुणी पाठमोरा दिसला की ती नवऱ्याला, अब्बासला, हळूच सांगायची, "तो बघा, ड्रम लोटणारा. डावा खांदा अर्धा इंच खाली हाय." अब्बासने शारजात बावीस वर्षं काढलेली. बाजारात त्याला फक्त मासळीचे भाव दिसायचे. "माझा खांदा तरी ठाऊक हाय का तुला?" तो विचारायचा. "तुमचा कसा ठाऊक असणार?" ती म्हणायची. "दोन वर्षांनी महिनाभर यायचात, माप घेईपर्यंत चाललात परत!"

काकरतळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं शिलाईचं दुकान. दोन मशिनी, एक फळी, एक पंखा. तेरा वर्षं ती एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याच्या कामगारांचे कपडे शिवत होती. दिवाळीआधी माणशी दोन जोड. दुसरा कुणी असता तर लहान, मध्यम, मोठा असे तीन गठ्ठे शिवून मोकळा झाला असता. हफिजा जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन एकेकाचं माप घ्यायची. ड्रमवाल्याला काखेत सैल, बॉयलरवाल्याला बाही आखूड, आणि ज्याचं पोट सुटलं असेल त्याला काही न बोलता एक इंच वाढवून. खिशावर लाल दोऱ्याने नाव. हे नाव कारखान्याने कधी मागितलं नव्हतं. वाळत घातले की सगळे शर्ट सारखे दिसतात आणि बायकांची भांडणं होतात, असं ती कारण सांगायची. खरं म्हणजे तिची हौस होती ती. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला दीडशे माणसांची नावं लिहायला मिळत होती, आणि ती अंगावर घालून माणसं गावभर फिरत होती.

एकवीसच्या पुरात मशिनी चिखलात गेल्या तेव्हा ती रडत बसली नाही. खोलल्या, वाळवल्या, तेल पाजलं, महिन्याभरात पुन्हा चालू केल्या. पूर आला हे सगळ्यांना दिसलं होतं, मदतही धावून आली होती. मंदीचं तसं नव्हतं. ती कधी आली हे कुणाला सांगता येईना. गेटवर टँकर कमी उभे राहायला लागले. समोरचा धोंडू वडे तळायचा तो अर्धी परात तळायला लागला, आणि तेही उरले की चिडून गिऱ्हाइकांवरच खेकसायचा, म्हणजे उरलेली दोन गिऱ्हाइकंही गेली. पोलादपूरहून शिफ्टची माणसं आणणारे मिनिडोरवाले दुपारी गाडीतच झोपलेले दिसू लागले. "माल उठत नाय," असं जो तो म्हणायचा. माल कुठे जातो आणि कोण उठवतो हे यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण म्हणताना मान मात्र सगळे सारखीच हलवायचे.

दुकानात तिच्या हाताखाली निशिगंधा होती. तिशीची, पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणची सून. काजं-बटणं, हेमिंग सगळं तिच्याकडे. काम करताना तोंड हातापेक्षा दुप्पट चालायचं. तिचा नवरा ओंकार त्याच कारखान्यात बॉयलरवर, कंत्राटी. दोघं महाडात खोली घेऊन राहायची. मुलगी दुसरीत. मुलीला इंग्रजीतल्या कविता येतात याचं निशिगंधाला इतकं कौतुक, की अर्थ न कळता तीही काजं करताना त्या म्हणायची. हफिजाला मूलबाळ नव्हतं. निशिगंधाच्या डब्यातली भाकरी ती हक्काने मोडून घ्यायची, आणि निशिगंधाही ईदला सांगितल्याशिवाय येऊन कांदा चिरायला बसायची.

यंदा कारखान्याच्या टाइम ऑफिसचा सुहास कपड्यांची यादी घेऊन आला तो पायरीवरूनच परत निघाला. एरवी चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही.

"भाभी, यादी नीट बघून ठेवा. आणि कुणाला दाखवू नका. पुढच्या आठवड्यात नोटीस लागणार आहे. आधी बाहेर फुटलं तर तुमचं कामही जाईल आणि माझंही."

दरवर्षी चार पानं यायची. यंदा दोन होती. हफिजाने उभ्या उभ्या बोट फिरवलं. बॉयलरवर आधी पाच नावं असायची, आता दोन होती. ओंकारचं नव्हतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला.

निशिगंधाने आल्या आल्या विचारलं, "यादी आली काय भाभी? यांचं नाव हाय ना?"

"अर्धी आली गो. बाकीची मागाहून येणार," हफिजा म्हणाली. हा पहिला खोटेपणा. तो इतका सहज निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याच दिवशी निशिगंधाने दुसरी गोष्ट सांगितली. ओंकारचे मामा, श्रीपतमामा, पुण्याला एका इस्पितळात नोकरीला होते. तिथे बॉयलरवर माणूस हवा होता. मामांनी शब्द टाकला होता, पण शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. "इथली नोकरी जाणार असंल तर जाऊ. नायतर कशाला? पोरीची शाळा हाय, तुम्ही हायसा. माझं तर मन होत नाय बघा."

आता सांगायचं तर याच वेळी सांगायला हवं होतं. हफिजाने सांगितलं नाही. भीती होती, हे आधी कबूल करायला हवं. तेरा वर्षांत दुसरं मोठं काम तिने धरलंच नव्हतं, आणि हे गेलं असतं तर त्या दोन मशिनी शोभेच्याच झाल्या असत्या. पण नुसती भीती नव्हती. मागे एकदा यादीत एक नाव टाइप करायचं राहिलं होतं आणि दोन दिवसांनी सुहास धावत आला होता, हेही तिला आठवत होतं. ओंकारचंही तसंच झालं असेल. होतं असं. मनाला हवं ते मनाला पटवणं फार सोपं असतं, आणि हफिजा तर बोलण्यात पटाईत.

शुक्रवारी संध्याकाळी निशिगंधा घरी गेल्यावर तिने उरलेलं कापड फळीवर पसरलं. ओंकारचं माप तिला वहीत बघावं लागत नसे. शर्ट कापला, शिवला, बाही आखूड ठेवली, खिशावर नाव काढलं. उद्या नाव आलंच तर धावपळ नको, असं ती स्वतःला सांगत होती. नाव काढून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, जणू त्याची नोकरी तिनेच परत टाके घालून जागेवर बसवली. वेडी बाई. तिने तो शर्ट गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

शनिवारी हफिजा कुणाच्या तरी परकराचा घेर टाचत होती. निशिगंधाने काजांसाठी गठ्ठा ओढला तो नेमका खालून.

"अगो बाई! यांचा आला की!" तिने शर्ट छातीशी धरला. "भाभी, बोलला नायत ते! मला रात्रभर झोप नाय, आणि तुम्ही गुपचूप शिवून मोकळ्या!"

ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मग फोन घेऊन पायरीवर गेली. तिचं बोलणं आत स्पष्ट ऐकू येत होतं. "मामा, नाय जमायचं बघा. यांचं इथलं काम पक्कं हाय. हो, हो, पक्कं. त्या जागेवर दुसरं कुणी घ्या. राग नका मानू."

फोन काही फार लांबला नाही, पण दोन शब्द बोलायला पुरला असता. तोंडात टाचण्या होत्या, असं हफिजाने नंतर अब्बासला सांगितलं. अब्बास सहसा तिला टोचून बोलत नसे. त्या दिवशी म्हणाला, "टाचण्या काढता येतात, हफिजा."

मंगळवारी अब्बासने शिवून झालेले गठ्ठे स्कूटरवर नेऊन दिले. ओंकारचा शर्ट निशिगंधा शनिवारीच घरी घेऊन गेली होती, दिवाळीला नको, आत्ताच घालू दे म्हणून. सुहासने गठ्ठे मोजून घेतले आणि जाता जाता सांगितलं, पुढच्या वर्षी कपडे कंत्राटदारच तयार आणणार, लहान, मध्यम, मोठे. भाभींना निरोप द्या. ज्या कामासाठी तिने तोंड मिटलं होतं ते काम असं अर्ध्या वाक्यात संपलं.

गुरुवारी नोटीस लागली.

शुक्रवारी सकाळी निशिगंधा दुकानात आली ती धापा टाकत. रडलेली नव्हती. उलट घाईत होती.

"भाभी, यादी द्या ती. आधी यादी द्या. त्यांनी चूक केलीय. हे गेटवर उभे हायत, नवीन शर्ट घालून. वॉचमनला म्हणतायत, माझा ड्रेस शिवलाय, मग मला कमी कसा कराल? इचारा शिलाईवाल्या भाभींना. साहेब म्हणाले, यादी आणून दाखव. द्या लवकर."

हफिजाच्या डोळ्यांसमोर ओंकार उभा राहिला. मोजून बेतलेल्या बाहीचा, कोरा शर्ट घातलेला, सगळ्यांसमोर छातीवरच्या नावावर बोट ठेवणारा.

"यादीत नाव नाय, निशू."

"अर्धी यादी होती ना ती?"

"पुरी होती. पहिल्या दिवसापासून पुरी होती."

निशिगंधाला कळायला वेळ लागला. "मग शर्ट?"

"मी शिवला. माझ्या मनाने. मला वाटलं..." तिने निशिगंधाचा हात धरायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "मामांना परत फोन कर ना गो. मी बोलते त्यांच्याशी. माझी चूक म्हणून सांगते."

"काल रात्रीच केला यांनी. सोमवारी माणूस घेतला त्यांनी."

बाहेर धोंडूच्या स्टोव्हची फुरफुर चालू होती. निशिगंधाने ओंकारला फोन लावला. "घरी या," एवढंच म्हणाली. त्याने पलीकडून काहीतरी विचारलं. "मी म्हणते ना, या. कुणाशी बोलू नका आता. आधी अंगातला शर्ट काढा आणि या."

मग तिने आपला चष्मा आणि डबा पिशवीत टाकला. ती भांडेल, निदान ओरडेल, याची हफिजा वाट बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कुडपणला जाणार?" हफिजाने विचारलं.

"मग कुठं? नाचणी हाय, म्हातारी हाय. तिथं बॉयलर नाय." दारात पोचून ती थांबली. आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, भाभी? रडले असते. इथंच बसून घटकाभर रडले असते. आणि मग मामांना हो म्हणून सांगितलं असतं."

ती पायरी उतरली आणि भराभर चालू लागली. मुलीचा दाखला काढायचा होता, आणि शाळेचं ऑफिस बाराला बंद व्हायचं.