वर, खाली, वर

हेप्सी टनिक्लिफ इंग्लंडातल्या लाँग्टनच्या आमच्या चिनीमातीच्या कारखान्यात अडतीस वर्षं थाळ्यांवर सोन्याचं काम करत होती. मी भट्टीवाला. तिच्या टेबलावरच्या फळ्या भट्टीपर्यंत न्यायचं काम माझं. एका फळीवर दहा थाळ्या, फळी खांद्यावर, खाली चौदा पायऱ्या.

तिची नजर गेल्याचं सगळ्यांत आधी मला कळलं. कडेचं दिसे, म्हणून ती न अडखळता चाले. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग. एकदा मी रिकामी फळी तिच्यापुढे ठेवली आणि तिने थाळी शोधत तिच्यावर हात फिरवला.

"कुणाला बोलशील?" ती म्हणाली.

"मला विचारतो कोण?"

"मग भट्टीचं दार लावतोस तसं तोंडाचंही लाव."

मी लावलं. तिला दुसरं काम येत नव्हतं आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. तिचं जे काही होतं ते त्या टेबलावर होतं.

त्रेपन्न साली जिल्ह्याच्या मेजवानीसाठी साठ थाळ्यांचं काम आलं. प्रत्येक थाळीच्या मध्यभागी आमच्या जिल्ह्याची खूण, दोरीची तीन फासांची स्टॅफर्डची गाठ. आमच्याकडे ही गाठ पोलिसांच्या बिल्ल्यावर असते, चर्चच्या काचेत असते, विटेवरसुद्धा असते. हेप्सी, ऑलिव आणि डोरा, तिघींना वीस वीस थाळ्या. नमुन्याच्या कागदाला बारीक भोकं असतात. त्यांतून कोळशाची पूड थापटली की थाळीवर फिकट रेघ उमटते. त्या रेघेवर ब्रश फिरवायचा. पूड भट्टीत जळते, सोनं उरतं. कच्चं सोनं तपकिरी असतं आणि टर्पेंटाइनने पुसता येतं. एकदा भाजलं की संपलं.

गुरुवारी दुपारी मी फळ्या उचलायला गेलो. मुकादम माउंटफर्ड हेप्सीच्या थाळ्यांवर वाकला होता. तो नवा होता आणि म्हाताऱ्या बायका त्याला टेबलावर नको होत्या.

"वीसच्या वीस चुकल्यात, मिसेस टनिक्लिफ. नमुना बघा. इथे दोरी खालून जाते. तुम्ही वरून नेलीत."

"मी गाठ काढली," हेप्सी म्हणाली.

"ऑलिवची बघा, डोराची बघा. दोघींची नमुन्यासारखी आहे. तुमच्या थाळ्या पुसायच्या आणि तुम्ही उद्यापासून यायचं नाही."

ऑलिवने मान खाली घातली. डोरा ओटच्या पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून बसली.

हेप्सीने एप्रनची नाडी सोडली आणि टेबलावर टाकली.

"ऑलिव, पोरी, ही नाडी नमुन्यात दाखवलीय तशी मांड. घाई करू नकोस."

ऑलिवने कागद बघत बघत नाडी मांडली. वर, खाली, आणि तिसऱ्या जागी परत खाली.

"आता साहेब, दोन्ही टोकं ओढा."

माउंटफर्डने ओढली. नाडी सरळ झाली. गाठ बसलीच नाही.

डोराने घास गिळला. "या गाठीच्या तीन फासांत तीन चोरांना एकदम फाशी दिली म्हणतात ना? तिघंही चालत घरी गेले असते, बाई!"

कुणी हसलं नाही. नमुन्याच्या कागदाला भोकं वरच्या खोलीत पाडली होती. चूक तिथली होती, आणि चाळीस थाळ्यांवर ती उतरली होती. भट्टी सहाला पेटायची होती.

माउंटफर्डचा चेहरा उतरला, पण माणूस मूर्ख नव्हता.

"तुम्हाला चूक दिसली होती, तर सांगितली का नाहीत?"

हेप्सीने ब्रश फडक्याला पुसला.

"बरं. त्या चाळीस पुसून घेऊ. नव्याने काढलेली प्रत्येक थाळी तुम्ही तपासा. तुम्ही ठीक म्हणालात तरच भट्टीत जाईल."

मी फळी खाली ठेवली. तिने हो म्हटलं असतं तर टेबल वाचलं असतं. पण तपासणार कसं? चुकलेल्या थाळ्या तिच्या शब्दावर भाजून निघाल्या असत्या.

तिने माझ्या दिशेला तोंड वळवलं, जरा कडेला, तिला दिसायचं तसं.

"ऑलिव तपासेल," ती म्हणाली. "मला चूक दिसली नाही, साहेब. नमुनाही दिसला नाही. वर्षभर समोरचं काही दिसत नाही. हात सवयीने जिथे उचलायचा तिथे उचलला."

माउंटफर्डने नाडी उचलून तिच्या हातात दिली.

"या थाळ्या होईपर्यंत बसा," तो म्हणाला. "पुढचं मला धकवता येणार नाही."

"नकाच धकवू."

तिघी बसल्या. हेप्सीने दोघींची मनगटं धरून तीन तीन थाळ्या काढून घेतल्या. उरलेल्या त्यांनी आपल्या आपण काढल्या. तिच्या वाट्याला आलेल्या दहा तिने एकटीने केल्या. एकही पुसावी लागली नाही. शेवटची थाळी माझ्या फळीवर ठेवताना तिने विचारलं,

"तिसऱ्या जागी दोरी वरूनच गेलीय ना?"

मी थाळी खिडकीकडे नेऊन नीट बघितली. उगीच हो म्हणण्यातला मी नाही.

"वरूनच," मी म्हणालो.

तिने ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि ऑलिवच्या खिशात घातला. मी सहाला भट्टी पेटवली.