शेवटची चौकट

गोंदियातल्या एका प्रयोगशाळेसाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा प्रोग्राम लिहिला, तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. नाव, गाव, वय आणि शेवटच्या चौकटीत रिपोर्ट. बहुतेकांचा निगेटिव्हच येतो, म्हणून ती चौकट मी आधीच 'निगेटिव्ह' भरून ठेवली. तेवढंच टायपिंग वाचेल, असा हिशेब.

आमच्याकडे बरीच घरं आता सोयरीक जुळवताना सिकलसेलचं कार्ड मागतात. हा दोष एकाच पालकाकडून आलेल्या, म्हणजे वाहक माणसाला स्वतःला सहसा काही होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर मुलाला आजार होऊ शकतो. ही कार्डं माझ्याच प्रोग्राममधून छापून जायची.

नोंदी भरायला जवळच्या कुडवा गावच्या एक ताई होत्या, पन्नाशीकडे झुकलेल्या. कागदी रजिस्टर मांडीवर घेऊन त्या एकेक नाव चढवायच्या. काही महिन्यांनी प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी रजिस्टर आणि कार्डं ताडून पाहिली. रजिस्टरमध्ये 'वाहक' असलेले कितीतरी जण कार्डावर निगेटिव्ह होते. सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. मीही.

"ताई, लक्ष कुठे असतं तुमचं?" मी चारचौघांत विचारलं.

"सर, मी बराबर लिवलं होतं. पडद्यावर दिसून राहिलं होतं मले."

"कम्प्युटर मनाने काही लिहीत नाही."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ताई पुन्हा रजिस्टर उघडून बसल्या. त्यांना कामावरून काढायचीच बोलणी सुरू झाली.

त्यांची चूक दाखवून द्यावी म्हणून मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी शेवटच्या चौकटीत 'वाहक' लिहिलं आणि टॅब न दाबता, माउसने थेट वरच्या पट्टीतलं सेव्हचं चित्र दाबलं. मी आत उघडून नोंद पाहिली. निगेटिव्ह.

कर्सर चौकटीतून बाहेर पडला की तिथला मजकूर नोंदीत उतरतो, असं मीच बांधलं होतं. पण वरच्या पट्टीतलं बटण दाबलं तरी कर्सर चौकटीतच राहतो. चौकटीला वाटतं, माणूस अजून लिहितोच आहे, आणि नोंदीत आधी भरलेलं 'निगेटिव्ह'च राहतं. मी प्रत्येक चाचणी टॅब दाबत केली होती, कारण माझा हात तसा वळलेला. दुसऱ्याचा हात कसा चालतो, हे पाहायची मला गरजच वाटली नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. त्याचीच जास्त लाज वाटली. मी सगळ्यांसमोर ताईंची माफी मागितली.

"माफी राहू द्या सर," त्या म्हणाल्या. "कार्डं कोन बदलून देईन?"

मग आम्ही दोघं नवी कार्डं घेऊन गावोगाव फिरलो. बहुतेकांची लग्नं व्हायची होती. आमचं नशीब म्हणायचं. दरेकशाला गाडीतून उतरलो, तेव्हा मात्र यादीतली मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. घरापुढच्या सपरीत, ओसरीवर बसून तिने जुनं आणि नवं कार्ड शेजारी शेजारी धरलं.

"ते वाहक हायेत, हे माहीत होतं आमाले. त्यायची तपासनी दुसरीकडची," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "माह्यं निगेटिव्ह होतं, म्हनून तं घरचे हो बोलले."

"मीच भरलं होतं वो बाई..." ताईंनी सुरुवात केली.

मी त्यांना थांबवलं. "त्यांचं बरोबर होतं. चूक माझ्या प्रोग्रामची. माझी."

ती दोन्ही कार्डं पुन्हा पुन्हा पाहत राहिली. मला ते सहन होईना, म्हणून मी समजावत सुटलो. दोघं वाहक म्हणजे बाळ आजारीच असेल असं नाही. जन्मल्याबरोबर तपासून घ्यायचं. आता औषधं आहेत. धोका चारात एकाला असतो, तिघांना तो आजार होत नाही.

तिने माझं सगळं नीट ऐकून घेतलं.

"चारचा हिसाब तुमचा," ती म्हणाली. "मले तं हे एकच हाये."